मानाचं दळण

मुक्काम तुरुंग
२६ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. मालन हीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

पाकिटावरचा शिक्का बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याने दळलेल्या पिठाची भाकरी खातोय, एवढंच. लालबागेत माझ्या चक्कीवर येऊन बायका पिठाला नावं ठेवतात तेव्हा मी हसून घालवतो. आता मी नावं ठेवतो आणि इथला मुकादम हसतो. माझ्या तुकडीत आठवीला शिकवणारे एक मास्तर, एक शिंपी, मिलमधले दोन साचेवाले आणि एक कीर्तनकार आहेत. 'मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आरोळी ठोकून म्हणायला सगळ्यांना येतं, पण घोरणं थांबवायला कुणालाच येत नाही.

महिन्याला दोन पत्रं लिहायची मुभा आहे. एक तुझ्या मामीला, एक तुला. मामीचं पत्र चक्कीवरचा धोंडू वाचून दाखवणार, त्यामुळे त्यात खुशालीपलीकडे काही लिहिता येत नाही. खरं पत्र हेच.

आत यायच्या आधी तुला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. ते काय म्हणाले ते पुन्हा लिहितो, कारण त्या दिवशी तू ऐकत होतीस असं मला वाटलं नाही. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतीस. तर, तुझ्या आतड्याला गव्हातला चीक सोसत नाही. कणीक मळली की जो ताणला जातो तो. त्याने आतडं आतून झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून जुलाब, म्हणून पायावर सूज, म्हणून बोटांना मुंग्या, आणि दोनदा तुझी कूस रिकामी झाली तीही बहुधा म्हणूनच. लढाईच्या वर्षांत तिकडे हॉलंडात पाव मिळेना तेव्हा असली आजारी पोरं बरी झाली, पाव परत आला तशी पुन्हा पडली. त्यावरून हे उमगलं म्हणे. मला पटलं. गावी गेलीस की तुझे गाल भरतात, परळला आलीस की काटकी. आपण सगळे मुंबईच्या पाण्याला शिव्या देत बसलो. गावी तू पेज-भात खातेस आणि इथे सकाळी चहा-पाव, दुपारी चपाती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हा चपाती, पाव, बिस्कीट, रवा, शेवया, सगळं बंद. भात, नाचणी, ज्वारी, तांदळाची भाकरी चालू. जूनअखेर पुन्हा वजन. वाढलं तर गहू हाच चोर. नाही वाढलं तर डॉक्टर म्हणतात क्षय आहे का ते बघावं लागेल. आणि क्षयाचं नाव निघालं की तुझ्या सासूचा भाऊ अप्पा काय करेल ते तुला ठाऊक आहे. 'मालनला गावी धाडा, शिवाचं दुसरं लग्न करा' हे तो दिवाळीपासून म्हणतोय. त्याला फक्त कारण हवंय. ते आपण द्यायचं नाही.

दळणाची काळजी करू नकोस. लग्न होऊन परळात आलीस त्या दिवसापासून धोंडूला माझा हुकूम आहे की भाचीचं दळण सगळ्यांत मानाने झालं पाहिजे. तो मोडायचा नाही.

तुझ्या सासूबाई कमळाबाईंच्या खाटेखाली गावाहून आणलेलं जातं पडून असतं, ते माझ्या दुकानाच्या पायरीला द्या म्हणून मी त्यांना नेहमी चिडवायचो. आता चिडवण्याची वेळ नाही. त्यांना सांभाळ. शिवाला सांभाळ. तुला कोण सांभाळणार ते मी बाहेर आल्यावर बघतो.

तुझा
सीताराममामा

*

परळ
७ मार्च १९५६

ति. मामांना मालनचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही लिहिलंत ते सगळं पाळते. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात, संध्याकाळी भाकरी आणि माशाची आमटी. चपात्या यांच्या डब्यापुरत्या करते, मग हात साबणाने धुते, परात वेगळी ठेवली आहे. दळण हे मिलच्या पाळीवर जाताना चक्कीवर टाकतात आणि येताना आणतात. मला जिने चढवत नाहीत.

घरात सगळं तसंच आहे. सासूबाई खाटेवर बसून असतात. माधवभाऊजी जानेवारीत गोळीबारात गेले तेव्हा नेसल्या होत्या ते लुगडं त्यांनी धुऊन घडी करून ठेवलं आहे, नेसत नाहीत, कुणाला देत नाहीत. भाऊजींचा डबा रोज घासून फळीवर ठेवतात. त्यांचं नाव मात्र घेत नाहीत. आम्हीही घेत नाही. हे घरी आले की मोरीत पाय धुतात, जेवतात, निजतात.

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. दुसऱ्या वेळी पोट सांडलं तेव्हापासूनच असं आहे. बोटांना मुंग्या येतात म्हणून परवा सुई टोचून पाहिली. रक्त आधी दिसलं, कळलं नंतर.

तुम्ही काळजी करू नका.

मालन

*

मुक्काम तुरुंग
१८ मार्च १९५६

चि. मालन,

सुई टोचायची नाही. हा हुकूम. माझे हुकूम लालबागेत सगळे पाळतात, फक्त तुझी मामी सोडून.

वजन वाढायला वेळ लागतो. आतडं म्हणजे काय दुकानाची फळी नव्हे, सकाळी काढली, संध्याकाळी लावली. धीर धर.

इथे गमती होतात. काल मास्तर आणि कीर्तनकार यांच्यात भांडण जुंपलं की राज्य झाल्यावर पहिला ठराव कशाचा करायचा. शिंपी म्हणाला, 'आदी जेलातली भाकरी सुदारा.' मला विचारलं, 'सीतारामशेट, तुम्ही पिठातले. ही अशी कडू का लागते?' मी एक तुकडा चावला आणि सांगितलं, 'बाजरीवर दळलीय.' सगळे बघत राहिले. मग त्यांना बसवून शिकवलं.

तुलाही सांगतो, चक्कीवाल्याची भाची आहेस आणि कधी चक्कीवर उभी राहिली नाहीस. बाई दळण घेऊन आली की पहिला प्रश्न विचारते, 'कशावर घालतोस रे?' कारण आधीच्या दळणाचं पीठ दगडाला, नळीला धरून राहतं आणि पुढच्या डब्यात उतरतं. बाजरीवर ज्वारी घातली की ज्वारी कडसर. चण्यावर तांदूळ घातले की तांदळाला वास. यावरून माझ्या दारात झिंज्या उपटायची पाळी आलेली आहे. सगळ्यांत मान गव्हाचा. गव्हावर दळण म्हणजे पहिल्या वर्गाचं तिकीट. गहू पांढरा, मऊ, त्याचा वास नाही, चव नाही. नंबर लावून बसलेल्या बायका गव्हाचं दळण निघालं की डबे पुढे सरकवतात. माझं पोट या मानापानावर चालतं. गावाहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या चक्कीवर पोती उचलायचो, तेव्हा पहिलं हेच शिकलो, की पीठ सगळेच दळतात, गिऱ्हाईक टिकतं ते कशावर दळलं त्यावर.

बघ, पत्र संपत आलं आणि मी धंद्याचंच बोललो. होळीला शिमग्याची सोंगं परळात येतील, गॅलरीत बसून बघ. हसू आलं तर हस. नाही आलं तरी बघ.

मामा

*

परळ
३ एप्रिल १९५६

ति. मामांना नमस्कार.

कळवायला उशीर झाला. निजून होते.

होळीला घरी काही नव्हतं. दुखवटा आहे. दुखवट्याच्या घरी सणाला दुसऱ्यांनी गोड आणून द्यायची रीत, म्हणून शेजारच्या जाईबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या. 'कमळाबाई, घासभर तरी खावा. गेलेल्या पोराक बरा वाटात,' म्हणाल्या आणि ताट ठेवून गेल्या.

सासूबाईंनी ताट ओढून घेतलं. जानेवारीपासून त्यांनी स्वतःहून ताटाला हात लावला नव्हता. आम्ही पुढ्यात वाढायचं, हातात घास द्यायचा. त्यांनी पोळी मोडली, तुपात बुडवली, आणि माझ्याकडे बघितलं. एरवी त्या बघतात तेव्हा आपल्यामागे कोणी उभं आहे असं वाटतं. तसं नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, 'मालू, आ कर.'

मी आ केला.

गहू आहे हे मला माहीत होतं. डॉक्टर आठवले, तुम्ही आठवलात. दुसरा घास त्यांनी स्वतः खाल्ला. तिसरा मला दिला. ताट संपलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि परत खाटेवर जाऊन बसल्या.

संध्याकाळपासून सुरू झालं. उलट्या, मग जुलाब, पोट नगाऱ्यासारखं. होळी पेटली तेव्हा मी मोरीत होते. ढोल ऐकू येत होते. पुढचे काही दिवस यांनी कामावर खाडे केले. आता उठून बसते.

मला कशामुळे झालं ते सासूबाईंना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुम्हीही लिहू नका.

मालन

*

मुक्काम तुरुंग
१५ एप्रिल १९५६

चि. मालन,

तुझं पत्र वाचलं आणि मास्तरांना वाचून दाखवलं. मास्तर चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, मास्तर, चष्म्याला पाणी आलंय की डोळ्यांना? म्हणाले, सीतारामशेट, गप बसा.

नाही म्हणाली असतीस तर मीच तुला नावं ठेवली असती. तेव्हा तो विषय संपला.

पण एक फायदा झाला. चोर रंगेहाथ सापडला. एका ताटात एवढं रामायण, मग गहूच. डॉक्टरांचं खरं. आता एवढंच करायचं की बाहेरचा कण तोंडात जाऊ द्यायचा नाही. शेजारचं नको, प्रसादाचा शिरा आला तर कपाळाला लावून मुंगीला घाल, देव समजून घेईल. घरचंच खा. आणि भरपूर खा. मला वाटतं तू पाखरासारखी टोचतेस, म्हणून वजन धरत नाही. माझ्या चक्कीचं पीठ हे तुझं औषध समज. भाकरी एकाच्या जागी दोन खा, दोनाच्या जागी तीन. नाचणीसारखं बळ कशात नाही. शिवाला सांग, महिन्याचं दळण दुप्पट टाक, मामा आतून हुकूम करतोय.

आम्ही बरे आहोत. बाहेर काय चाललंय ते आम्हाला पाहुण्यांकडून कळतं. मुंबई कोणाची हे अजून ठरत नाही. इथे मात्र कोपरा कोणाचा हे पहिल्याच दिवशी ठरलं, तो कीर्तनकाराचा.

अंगात जोर आला की कळव.

मामा

*

परळ
११ मे १९५६

ति. मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. भाकरी दुप्पट खाते. आंबील दोनदा पिते. बाहेरचं काही नाही. पाण्यापलीकडे जाईबाईंकडे काही घेतलं नाही.

बरं नाही. जास्त झालं आहे. पोट रोज फुगतं, तोंड आलं आहे, बांगड्या कोपरापर्यंत जातात. डॉक्टरांना मध्येच दाखवलं. ते म्हणाले, 'नीट पाळताय ना?' यांनी सांगितलं, 'पाळते.' डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मग गहू नसावा, जूनअखेर बघू आणि क्षयासाठी छातीचा फोटो काढू.

अप्पामामांचं पत्र आलं. पेरण्या आटपल्या की येतो, मालनला घेऊन जातो, शिवाने हट्ट करू नये. यांनी पत्र वाचून उशीखाली ठेवलं. मी विचारलं, 'काय ठरवलंत?' म्हणाले, 'काय ठरवणार?' रागावले नव्हते. दमले आहेत.

आता मुख्य गोष्ट. यांची पाळी बदलली म्हणून सोमवारी दळण घेऊन मी स्वतः गेले. वाटेत तीनदा बसले. चक्कीवर गर्दी होती. धोंडूच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या, त्याने मला ओळखलं नाही इतकी मी वाळली आहे. मी डबा रांगेत ठेवून बाकड्यावर टेकले; डबा मात्र त्याने ओळखला. तो एका बाईला सांगत होता, 'थांबा काकू, पहिला तुमचा गहू होऊ दे. मग त्याच्यावर हा नाचणीचा डबा. तुमची ज्वारी नंतर.'

ती म्हणाली, 'नाचणीला गहू कशाला रे? नाचणी कशावरपण चालते. आमची ज्वारी घाल.'

'नाय जमणार. शेटच्या भाचीचं दळण हाय. शेटचा हुकूम, भाचीचं कायम गव्हावर. शेट आत असला म्हणून काय झालं?'

'म्हणजे भाची तेवढी राणी, आणि आम्ही मेले परके!'

सगळ्या हसल्या. धोंडूही हसला.

माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, 'धोंडू, पुढच्या डब्यात किती उतरतं रे गव्हाचं?' तेव्हा त्याने मला ओळखलं. डबा स्वतःच्या सदऱ्याने पुसला. म्हणाला, 'ताई, ओंजळभर तर सहज. म्हणून तर तुमची नाचणी मऊ लागते. चापट भाकरी येते ना? तुटत नाय ना?'

खरं आहे. तुटत नाही.

पीठ घेऊन आले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहावं की नाही याचा विचार केला. तुम्ही आत आहात, तुम्हाला त्रास होईल. पण लिहिलं नाही तर तुम्ही आणखी भाकऱ्या खायला सांगाल.

मला राग आलेला नाही. खरंच नाही. यायला हवा होता का, तेही कळत नाही.

मालन

*

मुक्काम तुरुंग
२० मे १९५६

मालन,

चक्कीचं पीठ आजपासून बंद. माझ्या नव्हे, कुणाच्याच चक्कीचं नको. दगड धुऊन बघावेत, आधी तांदूळ घालून ते फेकावेत, नळी बदलावी, असे सगळे उपाय मनात करून पाहिले. एकाही उपायावर मी तुझा घास ठेवणार नाही. चक्कीत पीठ राहतंच, हे मीच तुला लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, याच हाताने, हसत. आणि वर दुप्पट खा म्हणालो.

भात खा. पेज खा. भाकरी नको, आंबील नको.

कमळाबाईंना सगळं सांग. पुरणपोळीचंसुद्धा. त्यांना कळलं नाही तर तू त्यांच्याच घरात चोरून उपाशी राहशील. त्या काय बोलतील ते बोलू देत.

धोंडूला तू काही बोलू नकोस. त्याने हुकूम पाळला.

मास्तर विचारतात, आज गप्प का.

मामा

*

परळ
२७ जून १९५६

ति. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं. डॉक्टरांचं, चक्कीचं, शेवटी पुरणपोळीचं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. मी बोलायची थांबले तरी भिंतीकडे बघत राहिल्या. मी भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा झाला, हे गेले, आणि त्या खाली वाकून खाटेखाली काहीतरी ओढायला लागल्या. मला वाटलं पडतील. जातं होतं. त्यांनी ओढत ओढत खोलीच्या मध्ये आणलं. खुंटा सैल झाला होता, त्याला चिंधी गुंडाळून ठोकला. रस्त्यावरून जात्याच्या दगडाला छिन्नीने खाचा पाडून देणारा टाकीवाला ओरडत चालला होता, त्याला गॅलरीतून हाक मारली. कित्येक महिन्यांनंतर त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला. त्याने दगडाला टाकी लावली. मग त्यांनी मूठभर तांदूळ दळले आणि ते पीठ गॅलरीत कावळ्यांना टाकलं. पुन्हा एक मूठ. पुन्हा टाकली. म्हणाल्या, 'आत जुना काय असात ता जाऊ दे.' मग नाचणी घेतली.

रोज दळतात. गात नाहीत. गावी जात्यावर बसल्या की आळी ऐकायची म्हणतात, पण इथे मुक्याने दळतात. मी समोर बसते आणि खुंट्याला हात लावते. पहिल्या दिवशी हाताला फोड आला. दुखला. लगेच दुखला, मामा.

भाकरी आता तुटते. नाचणीची भाकरी अशीच तुटायची असते, असं त्या म्हणाल्या.

अप्पामामा गेल्या आठवड्यात आले. छत्री कोपऱ्यात ठेवून बसले आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, 'कमळे, हिचा काय ठरवलंस?'

'आदी जेव. मगे बोल.'

मी अप्पामामांना आणि यांना ताटं वाढली. भाकरी, बांगड्याची आमटी, भात. अप्पामामांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत पडला. म्हणाले, 'चपाती नाय?'

'ह्या घरात आता गहू येणा नाय.'

'म्हणजे? शिवा डब्यात काय नेता?'

'ह्याच.'

'एका बायलेसाठी सगळ्या घरान भाकऱ्ये खावच्ये?'

सासूबाई जात्यावरचं पीठ गोळा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'माझो एक गेलो. आता घरातला आणखी कोण खंय धाडूचा नाय.' मग यांच्याकडे बघितलं. हे उठले, अप्पामामांची छत्री घेतली आणि दाराला टांगली, निघताना हाताशी यावी तशी. पुन्हा जेवायला बसले. डब्यात भाकरी नेतात म्हणून मिलमध्ये खात्यावर चेष्टा होते, तेही यांनी तेव्हाच सांगितलं. हसत सांगितलं.

अप्पामामा दोन दिवसांनी गेले. एकटे.

काल वजन झालं. फार नाही, पण वाढलं आहे. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. फोटो आत्ता नको म्हणाले, असंच चालू ठेवा. काय बदललंत, असं विचारलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, 'दळाण.'

तुम्ही कधी सुटणार ते कळवा. धोंडू दोनदा येऊन गेला, दारातूनच. आत ये म्हटलं तर आला नाही. अंगावर पीठ आहे म्हणाला.

मालन

*

लालबाग
८ जुलै १९५६

चि. सौ. मालन,

वरचं गावाचं नाव बघ. सुटलो. हार घातले, गुलाल उडवला, पेढा कोंबला. लोक म्हणाले, सीतारामशेट राज्यासाठी आत गेले. गेलो त्यासाठीच. पण जानेवारीनंतर दुकानात बसवत नव्हतं हेही होतं. गोळीबाराच्या दिवशी माधव माझ्याच बाजूला होता. दळण चाललं की मला दुसरं काही ऐकू यायचं नाही म्हणून बरं वाटायचं, आणि चक्की थांबली की सगळं ऐकू यायचं.

आता चालत पाच मिनिटांवर राहणाऱ्या भाचीला मामा पत्र का लिहितो, ते सांगतो. काल सकाळी मी तुमच्याकडे आलो होतो. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पिठाचा कण अंगावर नाही हे मामीकडून तपासून घेऊन. हातात पेढे होते. ते जिन्यात आठवलं, की पेढ्यांना कुणाकुणाचे हात लागलेत. खालच्या पोरांना वाटून टाकले.

तुमच्या मजल्याच्या खालच्या वळणावर आलो आणि जात्याचा आवाज आला. माझा धंदा बुडवणारा आवाज. थांबलो. त्यावर कमळाबाईंचा आवाज होता. तू लिहिलं होतंस गात नाहीत. गात होत्या. ओवीत आधी देवाचं आलं, मग गावचं, मग शिवाचं नाव आलं, मग तुझं. मग जातं थांबलं. मला वाटलं दळण संपलं. पायरीवर पाय ठेवला तोच ते पुन्हा फिरलं, हळू, आणि माधवचं नाव आलं. त्यांचा आवाज तिथे बसला. मग दुसऱ्या आवाजाने ते नाव उचललं आणि ओवी पुरी केली. तो आवाज तुझा होता. आणि तू रडत होतीस.

माझे कान तिखट आहेत हे लालबाग जाणते. पण एवढं मी ऐकायला नको होतं, म्हणून आल्या पावली खाली उतरलो. दुकानात गेलो. चक्की सुरू केली नाही. धोंडू म्हणाला, शेट, गिऱ्हाईक खोळंबलंय. म्हटलं, खोळंबू दे.

येत्या रविवारी येईन. जेवायलाच. भाकरी तुटली तरी चालेल.

धोंडूबरोबर नाचणी पाठवतो आहे. अख्खी.

तुझा
मामा